नवोदयचा क्लास: शीत शिजलं, भाताचं काय?

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतात. दहा-अकरा वर्षांची मुलं, पासपोर्ट फोटोतले गंभीर चेहरे, प्रत्येकाखाली गावाचं नाव आणि कोपऱ्यात क्लासच्या सरांचा या सगळ्यांहून मोठा फोटो. पुढचे आठ दिवस चहाच्या टपरीवर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक म्हणतो, ‘क्लास लावल्याशिवाय नवोदय होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘काही नाही हो, पोरात मुळात असावं लागतं.’

मी काही वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवलंय, त्यामुळे ही दोन्ही वाक्यं माझ्यासमोर वारंवार आली. दोन्ही अर्धी खरी आहेत. उरलेल्या अर्ध्यात खरा प्रश्न आहे: ज्या परीक्षेची तयारी पैसे देऊन करता येते, ती परीक्षा न्याय्य कशी म्हणायची?

आधी नवोदय म्हणजे काय ते

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक कल्पना मांडली होती. हुशार मूल कुठेही जन्माला येतं, पण चांगली शाळा कुठेही मिळत नाही. म्हणून जिल्ह्यागणिक एक निवासी शाळा काढायची, प्रामुख्याने ग्रामीण मुलांसाठी, आणि घरची परिस्थिती न बघता मुलं निवडायची. प्रयोग म्हणून पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या. एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीत. आज देशभरात साडेसहाशेच्या आसपास नवोदय विद्यालयं आहेत, गोव्यातही दोन आहेत, वाळपई आणि काणकोणला.

राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं सरकारचं. सहावीला एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. आणि मागणी? २०२१ साली देशभरातल्या ४७,३२० जागांसाठी २४ लाखांहून जास्त अर्ज आले होते. एका जागेमागे पन्नास मुलं.

पन्नासातून एक निवडायचा तर काहीतरी चाळणी लागणारच. ती म्हणजे दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची परीक्षा. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे आकृत्या बघून तर्क लावायचे. २० गणिताचे, २० भाषेचे. मराठी माध्यमाच्या मुलाला ती मराठीतून देता येते. म्हणजे निम्मे गुण अशा प्रश्नांना आहेत जे चौथी-पाचवीच्या पाठ्यपुस्तकांत सहसा धडा म्हणून येत नाहीत. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला का हे बघायला आपण अख्खं पातेलं उपसत नाही. एक शीत काढतो, बोटांत दाबतो, झालं. परीक्षा हेच करते. मुलाची समज केवढी आहे हे मोजायला कुणाकडे वेळ नाही, म्हणून ऐंशी शितं दाबून बघायची आणि पातेल्याचा अंदाज बांधायचा.

ही युक्ती चालते एका अटीवर: दाबलेलं शीत बाकीच्या भातासारखंच असलं पाहिजे. समजा कुणाला आधीच कळलं की आजी पळीने वरच्या डाव्या कडेचंच शीत उचलते. मग तो तेवढीच कड नीट शिजवेल. आजी म्हणेल, ‘झाला भात.’ खाली तांदूळ कच्चा.

क्लास दोन प्रकारचा असतो, आणि सगळा घोळ हे दोन प्रकार एका नावाने ओळखले जातात म्हणून होतो. काही क्लासमध्ये खरंच भात शिजतो: मूल वाचायला लागतं, अपूर्णांक समजतात, उतारा वाचून विचार करतं. हे शिक्षणच आहे, फक्त शाळेऐवजी दुसरीकडे, फी देऊन झालेलं. दुसऱ्या प्रकारात फक्त कड शिजते: प्रश्नांचे साचे, वेळेच्या युक्त्या, उत्तरपत्रिका भरायची सवय. बहुतेक क्लासमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं, आणि फ्लेक्सवरून कुठलं किती ते कळत नाही.

घडीच्या कागदाचा प्रश्न

नवोदयच्या मानसिक क्षमतेत एक प्रश्न हमखास असतो. एक चौकोनी कागद घेतला, उभा मधोमध दुमडला, मग आडवा दुमडला, आणि त्याला एक भोक पाडलं. कागद उलगडल्यावर कसा दिसेल? चार चित्रांतून एक निवडायचं.

घरी करून बघा. दोन घड्या म्हणजे कागदाचे चार थर, म्हणून भोकं चार. भोक जर घड्या जिथे मिळतात त्या कोपऱ्याजवळ पाडलं तर चारही भोकं कागदाच्या मधोमध गोळा होतात. मोकळ्या कडांच्या कोपऱ्याजवळ पाडलं तर ती चार टोकांना जातात. युक्ती एवढीच: मनातल्या मनात घड्या उलट क्रमाने उघडायच्या, आणि प्रत्येक घडीवर आरसा ठेवल्यासारखं भोक पलीकडे उमटवायचं.

तुम्ही हा परिच्छेद वाचलात, म्हणजे हा प्रश्न आता तुम्हाला आला. एका मिनिटात. तुमची बुद्धी एका मिनिटात वाढली का? नाही. साचा ओळखीचा झाला, बस्स.

परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळतं. हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा बघणारं मूल ते दीड मिनिट ‘विचारलंय काय?’ हेच समजण्यात घालवतं. दोनशे वेळा सोडवलेलं मूल वीस सेकंदांत पुढे जातं. दोघांत हुशार कोण हे या प्रश्नाने कळलंच नाही. कळलं ते एवढंच की हा साचा आधी कुणी पाहिलाय. नुसत्या ओळखीमुळे वाढलेल्या या गुणांना आपण ‘सराव-लाभ’ म्हणू.

माझ्या वर्गातली एक मुलगी आठवते. आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसायची; पावणेतीन किलोचा हिशोब तोंडी, कागद न घेता. वर्गात पहिला नमुना पेपर घेतला तेव्हा तिने उत्तरपत्रिकेतल्या गोलांवर नीटनेटक्या बरोबरच्या खुणा केल्या होत्या. गोल बॉलपेनने पूर्ण काळा करायचा असतो, नाहीतर यंत्राला दिसतच नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, मीही विसरलो होतो. शिवाय शेवटचे अकरा प्रश्न कोरे. का सोडले म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘येत नव्हते गुरुजी, मग उगं कशाला लिहायचं.’

आता हिशोब बघा. नवोदयला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. चार पर्यायांतून डोळे मिटून गोल काळा केला तरी अकरातले दोन-तीन बरोबर येतात. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत अडीच ते पावणेचार गुण. निवडीच्या रेषेपाशी मुलांची इतकी दाटी असते की एवढ्यात कितीतरी जण पुढे निघून जातात. क्लासमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगतात.

मग क्लास लावणं ही लबाडी का?

नाही, आणि यात मी पालकांच्या बाजूने आहे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण गाडीत जागा पाच आणि माणसं दोनशे असली की आपलाही हात खिशातल्या रुमालाकडे जातोच. शेळी विकून पोराला क्लासला घालणारा बाप श्रीमंतीचा माज करत नसतो. त्याला दिसलेली एकच वाट तो धरतो.

दोष रुमालात नाही, गाड्या कमी असण्यात आहे. आणि काहींना गाडी केव्हा येणार हेच माहीत नसतं, त्यात आहे.

सरकारने अधूनमधून रुमालावर बंदी घालून पाहिलंय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय. पण सूचना ५० हून जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना लागू, आणि त्या राबवायच्या राज्यांनी. कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत तीस पोरं घेऊन चालणारी नवोदयची बॅच त्या जाळ्यात येतच नाही.

‘क्लासने येणारच नाही’ असा पेपर काढता येईल का?

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. सोपं उत्तर: एका वर्षापुरता येईल. इंग्लंडमध्ये काही सरकारी ग्रामर स्कूल आजही अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडतात. तिथल्या बकिंगहॅमशायर परगण्यात २०१३ पासून शिकवणीचा उपयोग कमी व्हावा या आशेने नव्या धर्तीची परीक्षा आणली. शिकवणीचा धंदा बंद पडला नाही; त्याने नवी पद्धत शिकून घेतली. ज्या परीक्षेवर मुलाचं भवितव्य लटकतं, तिचा साचा फार दिवस गुपित राहत नाही. उलट साचा नवा असला की तो सगळ्यांत आधी पैसेवाल्याला कळतो.

इथे एक गोष्ट उलट्या बाजूने कामाची आहे. सराव-लाभ सुरुवातीला झपाट्याने मिळतो आणि मग मंदावतो. पहिल्या पाच-सात पेपरांत मूल जेवढं सुधारतं तेवढं पुढच्या पन्नासांत सुधारत नाही. सायकल शिकण्यासारखंच. पहिल्या आठवड्यात तोल येतो, नंतर वर्षभर फेऱ्या मारल्या म्हणून तोल दुप्पट होत नाही. म्हणजे दरी सगळ्यांत रुंद कुठे आहे? वर्षभर क्लास केलेला आणि महिनाभर केलेला यांच्यात नाही. महिनाभर केलेला आणि अजिबात न केलेला यांच्यात आहे. आणि ती बुजवायला फार पैसा लागत नाही.

न्यूयॉर्कची एक परीक्षा

हेच भांडण न्यूयॉर्क शहरात अनेक वर्षं चालू आहे. तिथे आठ नामांकित सरकारी हायस्कूल आहेत आणि त्यांत नववीला बहुतेक प्रवेश फक्त एका तीन तासांच्या परीक्षेच्या गुणांवर. त्यांतल्या जुन्या तीन शाळांसाठी १९७१ साली राज्याने तसा कायदाच केला. शाळेतले गुण, शिक्षकांचं मत, घरची परिस्थिती, काही बघायचं नाही. दिसायला याहून निःपक्ष काही नाही.

२०१९ साली त्यातल्या सर्वांत अवघड स्टायव्हसंट शाळेने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यांत कृष्णवर्णीय मुलं सात. शहरातल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मुळाची) मुलं मिळून सुमारे दोन तृतीयांश आहेत. एक बाजू म्हणाली, परीक्षा बंद करा. दुसऱ्या बाजूला होती मुख्यतः आशियाई वंशाची कुटुंबं, आणि त्यांतली बरीचशी काही श्रीमंत नव्हेत. हॉटेलात भांडी घासून, टॅक्सी चालवून त्यांनी मुलांना शिकवणी लावली होती. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे ओळखी नाहीत, इंग्रजी धड नाही. ही एक परीक्षा आहे जिथे आमचं नाव कुणी विचारत नाही, तीही काढून घेणार?

मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न एका फटक्यात सुटत नाही.

ओळीत कुणाशेजारी कुणाला उभं करायचं?

अमेरिकेतच, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स परगण्यात वेगळी वाट धरली गेली. तिथल्या शाळा मंडळाने थॉमस जेफरसन या विज्ञानाच्या सरकारी हायस्कूलची प्रवेश परीक्षाच २०२० साली काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का मुलांना जागा राखल्या. बाकी शाळेतले गुण, निबंध वगैरे बघून. पुढच्याच वर्षी गरीब घरच्या मुलांचं प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं ते २५ टक्क्यांच्या आसपास गेलं, आणि आशियाई मुलांचं ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. पालकांची संघटना कोर्टात गेली, तिच्यात भारतीय वंशाचे पालकही होते. २०२३ मध्ये अपील न्यायालयाने शाळा मंडळाच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

यातलं माझ्या मते खरं मर्म परीक्षा काढण्यात नाही. निबंधाचाही क्लास निघतो. मर्म आहे ओळ बदलण्यात. शंभर मुलांची एकच रांग लावण्याऐवजी दहा-दहांच्या दहा रांगा लावल्या की प्रत्येक मुलाची तुलना त्याच्यासारख्याच शाळेत शिकलेल्याशी होते. बिनक्लासच्या शाळेत पहिलं आलेलं मूल, क्लासवाल्या शाळेत पंधरावं आलेल्यापेक्षा गुणांनी मागे असेल. पण पातेलं कुणाचं भरलेलं आहे हे त्या गुणांवरून सांगता येत नाही.

नवोदयच्या नियमांत ही समज पहिल्यापासून आहे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना जाणवतं. गडचिरोलीच्या मुलाची स्पर्धा पुण्याच्या मुलाशी नसतेच. जिल्ह्याच्या जागा जिल्ह्यातल्याच मुलांना. त्यातही किमान ७५ टक्के, म्हणजे ८० पैकी ६० जागा ग्रामीण मुलांना. ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत पूर्ण केलेलं मूल. किमान एक तृतीयांश मुली. अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात. आणि ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. एक वर्ष पाचवीत मागे ठेवून पुन्हा बसवायची सोय नाही. ही सोय असती तर ती कुणी वापरली असती हे सांगायला नको.

‘म्हणजे मेहनत करणाऱ्याला शिक्षा?’

ही तक्रार तुच्छ नाही. शहरातल्या मुलाने वर्षभर घासून ८५ गुण मिळवले आणि खेड्यातल्या मुलाने ७५ ला जागा पटकावली, तर पहिल्याच्या आईला काय सांगायचं?

मी असं सांगेन. १०० मीटरच्या शर्यतीत एकाला धावपट्टीवर आणि एकाला नांगरलेल्या रानात पळवलं, तर घड्याळात कमी वेळ कुणाचा येईल ते आधीच ठरलेलं असतं. घड्याळ खोटं बोलत नाही, पण ते जमिनीबद्दल काही सांगतही नाही. नवोदय ही बक्षीस वाटायची योजना नाही. पुढच्या सात वर्षांत कुठलं मूल जास्त वर येईल याचा तो अंदाज आहे.

मात्र ही आईसुद्धा एका जागी बरोबर आहे. ‘ग्रामीण’ हा शिक्का फार मोठा आहे. त्यात शेतमजुराचं मूल येतं, तसंच त्याच गावात बंगला असलेल्या प्राध्यापकाचंही. तिसरीपासून नाव खेड्यातल्या शाळेच्या पटावर, मुक्काम आणि क्लास तालुक्याला, ही तोड तर मी स्वतः पाहिलीय. नियमात कुठेही बसते, हेतूत कुठेच नाही.

‘मग सरळ चिठ्ठ्या टाका ना’

टाकतात की. खासगी शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागा सोडतीनेच भरतात, केंद्रीय विद्यालयात पहिलीचा प्रवेशही सोडतीनेच होतो. चिठ्ठीला क्लास लावता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण नवोदयचा उद्देशच अभ्यासाची ओढ असलेलं मूल हुडकण्याचा, आणि चिठ्ठी डोळे मिटून काढतात. अगदी रेषेवरच्या मुलांपुरती चिठ्ठी मला पटेल, कारण ७३.७५ आणि ७५ गुणांतला फरक हा बहुतेक वेळा एका अंदाजपंचे काळ्या केलेल्या गोलाचा असतो. सगळ्या जागांसाठी नाही पटणार.

शाळा काय करू शकते

त्या भाजीवाल्या मुलीनंतर आम्ही दिवाळीच्या सुट्टीआधी तीन आठवडे रोज शेवटच्या तासाला नवोदय घेऊ लागलो. नाव दिलेलीच नव्हे, अख्खी पाचवी. वह्यांच्या मागच्या पानांचे चौकोन कापून घड्या घातल्या, कंपासच्या टोकाने भोकं पाडली. जुने पेपर झेरॉक्स केले. घड्याळ लावून बसवलं. गोल काळे करायला शिकवलं, आणि कोरं काही सोडायचं नाही हेही. मला यात थोडी खंत वाटायची, की न येणाऱ्या उत्तरावर गोल काळा करायला मी मुलांना शिकवतोय. पण तो नियमांचा भाग आहे आणि नियम सगळ्यांना ठाऊक असलेले बरे.

यातून आमच्या शाळेचे फ्लेक्स लागले नाहीत. त्या मुलीचंही नाव यादीत आलं नाही. दोन वर्षांनी एकाचा नंबर लागला.

ज्यांचा अर्जच येत नाही

आतापर्यंत सगळं बोललो ते परीक्षेच्या खोलीत बसलेल्या मुलांबद्दल. २०२५ मध्ये आपल्याकडची नवोदयची परीक्षा एकदा १८ जानेवारीला झाली आणि पुढच्या वर्षासाठीची १३ डिसेंबरला. बीड, जालना, धाराशिव भागातल्या कुणालाही विचारा, तेव्हा काय चालू असतं. ऊसतोड. दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. मागे आजी-आजोबा नसले तर पाचवीचं पोरही कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत जातं, धाकट्या भावंडांना सांभाळायला.

नियम सांगतो, मूल पाचवीचं पूर्ण वर्ष त्याच जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेलं हवं. बाहेरच्या जिल्ह्यातले घुसखोर अडवायला हा नियम चांगला आहे. तोच नियम फडावरच्या पोरालाही अडवतो. त्याचं पातेलं भरलेलं की रिकामं हे बघायला कुणी शीत काढतच नाही. डिसेंबरात ते सांगली-कोल्हापूरकडे कुठल्या तरी कारखान्याच्या हद्दीत असतं, आणि हॉल तिकीट आलं असलंच तर ते गावातल्या शाळेच्या कपाटात.